साक्षीत गोळीचं नाव राहून गेलं

«ताई, प्रभूमध्ये सलाम. मी २८ वर्षांची आहे, राहुरी तालुक्यात राहते. नववीत असताना मला पहिली फिट आली. नंतर दर दोन-तीन महिन्यांनी यायची. नगरच्या डॉक्टरांनी व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या सुरू केल्या आणि हळूहळू फिट थांबल्या. साडेतीन वर्षं एकही आली नाही. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं, सासरी सगळं सांगूनच झालं. या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, आमच्याकडे बाहेरगावचे एक सेवक, उपदेशक, आले. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, तू बरी झालीस, आता गोळी खाशील तर देवावर संशय घेतल्यासारखं होईल. मी गोळ्या बंद केल्या, उपास धरले, चर्चच्या मंडळीत उभं राहून देवाने बरं केल्याची साक्ष दिली. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेत सगळ्यांसमोर मला फिट आली. शुद्धीवर आले तेव्हा ओठ फाटला होता, कुणीतरी दातांत चमचा घातला होता. त्यानंतर घरीही एकदा आली. बायका म्हणतात, विश्वास कमी पडला. सासूबाई म्हणतात, अजून एकवीस दिवस उपास धरू. मिस्टर काहीच बोलत नाहीत. आम्हाला मूलही हवंय. ताई, माझा विश्वास खरंच कमी पडला का? गोळ्या पुन्हा घेतल्या तर मी दिलेली साक्ष खोटी ठरेल का? — एक बहीण»

सलाम बाळ,

तुझ्या दोन प्रश्नांआधी एक गोष्ट, कारण तिला थांबायला वेळ नाही. हे वाचून झालं की डॉक्टरांना फोन लाव. उद्याची वेळ मिळाली तर उद्या जा. कपाटातली जुनी पट्टी काढून आपल्या मनाने गोळ्या सुरू करू नकोस. मध्ये खंड पडला की कुठलं औषध, किती आणि कसं सुरू करायचं हे डॉक्टरच ठरवतात. वेळ मिळायला दोन दिवस लागणार असतील तर तोवर काय घ्यायचं, हे फोनवरच विचारून घे. आणि त्यांना खरं सांग: कुठल्या तारखेला बंद केल्या, त्यानंतर किती फिट आल्या. मी बत्तीस वर्षं नर्स होते. पेशंट डॉक्टरांपासून जेवढं व्यसन लपवतात तेवढंच बंद केलेलं औषध लपवतात. मग डॉक्टरांना वाटतं की गोळी लागू पडत नाही आणि ते डोस वाढवतात. रागावले तर रागावू देत.

आता ईस्टरच्या पहाटेकडे येऊ. बायका म्हणतात विश्वास कमी पडला. मी तुला दुसरंच विचारते. त्या पहाटे तू किती वाजता उठली होतीस? आपल्या घरातली ईस्टरची आदली रात्र मला माहीत आहे. करंज्या, केक, साड्यांना इस्त्री, पाहुण्यांची अंथरुणं, आणि चारला उपासनेला निघायचं म्हणून तीनला गजर. त्याच्या आधी लेंटचे उपास. त्याच्याही आधी अचानक बंद केलेली गोळी. फिटच्या पेशंटला जपायला सांगतात त्या तीन गोष्टी म्हणजे औषध चुकवू नको, झोप मोडू नको, उपाशी राहू नको. तू एकाच महिन्यात तिन्ही मोडल्यास, त्याही देवाच्या नावाने, मनापासून. मेंदूला हे कळत नाही गं. साडेतीन वर्षं त्या गोळीने त्याला आवरून धरलं होतं. हात एकदम सोडला, तो उसळला.

गोळ्या कधीच थांबत नाहीत असंही नाही. दोन वर्षं किंवा जास्त काळ फिट आली नाही तर काही जणांच्या गोळ्या डॉक्टर कमी करत नेतात. पण एका रात्रीत नाही, काही महिने लावून, लक्ष ठेवून. काहींना त्या कायम घ्याव्या लागतात. औषध नीट घेतलं तर दहातल्या सातांच्या आसपास लोकांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तू त्या सातांतलीच होतीस.

आता विश्वासाचं. तुझ्या गळ्यात जे वचन अडकवलं गेलंय ते मला न सांगताही माहीत आहे, कारण अशा वेळी तेच काढलं जातं: मार्क, नववा अध्याय, हा प्रकार प्रार्थनेशिवाय निघत नाही. तर बायबलातला तो अख्खा उतारा आज रात्री काढ आणि सावकाश वाच. शिष्यांना बरा करता न आलेला मुलगा बाप प्रभू येशूकडे आणतो, ती गोष्ट. हीच गोष्ट मत्तयात आहे, सतराव्या अध्यायात, तिथे त्या मुलाला आपल्या जुन्या मराठी बायबलात चक्क ‘फेफरेकरी’ म्हटलंय. पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, ताठ होतो. वॉर्डात ज्याने एक रात्र काढली आहे त्याला हे वर्णन ओळखू येतं. बाप म्हणतो, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. आजही आपल्याकडे फिटचा माणूस चुलीने आणि विहिरीनेही दगावतो. (तू आंघोळीला कडी लावून बसत नाहीस ना? आणि नळाखाली बादली भरून तांब्याने अंग धू, टाकीत-हौदात उतरू नकोस. हे मध्येच सांगितलं, पण राहून जायला नको.)

त्या उताऱ्यात भूत निघाल्याची भाषा आहे, आणि मी त्याला वळसा घालणार नाही. तिथे तसं लिहिलंय. पण प्रभू आधी काय करतो ते बघ. मुलगा समोर जमिनीवर लोळतोय, गर्दी धावत येतेय, आणि तो बापाला विचारतो, याला हे कधीपासून होतंय? बाप सांगतो, लहानपणापासून. मी नर्सिंगला होते तेव्हा आमच्या मेट्रनबाई केस पेपरचा पहिला रकाना दाखवून हेच म्हणायच्या, ‘आधी कधीपासून ते विचारा.’ त्या सेवकांनी तुला हे विचारलं का? गोळ्या कुठल्या, शेवटची फिट कधी, असं काही? मला नाही वाटत.

आणि दुसरं, यावर मी खूप वर्षं विचार केलाय. त्या अख्ख्या गोष्टीत मुलाचा विश्वास कुणी मोजत नाही. मुलाला कुणी काही विचारतच नाही. बापाचा विश्वास तर अर्धाच आहे. तो रडत म्हणतो, माझा विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासाचंही तुम्हीच काहीतरी करा. आणि तेवढ्यावर मुलगा बरा होतो. मग तो ‘प्रार्थनेशिवाय निघत नाही’ हा बोल कुणाला लागलाय? शिष्यांना. घरात गेल्यावर, एकांतात, ज्यांना मुलाला बरं करता आलं नाही त्यांना. आजाऱ्याला नाही, त्याच्या घरच्यांना नाही. जो हात ठेवतो त्याच्या पदरात टाकलेलं ते वाक्य आहे, आणि आपल्या मंडळ्यांत ते उचलून ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याच्याच पदरात घालतात. याकोबाच्या पत्रातही तसंच. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जाणत्या पुढाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. विश्वासाने प्रार्थना करायचं काम तिथे वडिलांचं आहे, आजाऱ्याचं काम फक्त बोलावणं धाडण्याचं.

तर तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: नाही. ज्या मुलीने एका माणसाच्या शब्दावर इतक्या वर्षांच्या दुखण्याची गोळी सोडली तिचा विश्वास कमी कसा म्हणायचा? विश्वास भरपूर होता. चुकीच्या सल्ल्याला बांधला गेला.

प्रेषित पौलाचं तुला माहीत आहे. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ काटा राहिला. हे सगळे सांगतात. मला त्याहून जवळचा वाटतो तीमथ्य. त्याला वारंवार दुखणी व्हायची, पोटाचा त्रास होता. पौलाच्या हातून इतरांना बरं वाटल्याच्या गोष्टी आहेत, पण या आपल्या लेकरासारख्या माणसाला तो पत्रात लिहितो की नुसतं पाणी पीत जाऊ नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे. त्या काळचं पोटाचं औषधच ते. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, निरोपांच्या गर्दीत, एक ओळ येते: त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. बस्स. त्रफिमाचा विश्वास कुठे कमी पडला याची चर्चा नाही, एकवीस दिवसांचा उपास नाही. आजारी होता, मागे ठेवला, पुढे गेलो. त्याच पौलाबरोबर फिरणाऱ्या लूकाला तो ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. वैद्य सोबत ठेवून प्रार्थना करणारी ती माणसं होती.

आपल्या महाराष्ट्रातल्या मंडळ्यांना हे शिकवायची वेळ यावी याचं मला खरंच नवल वाटतं. मिरजेला मिशनरी वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ साली इस्पितळ उभं केलं. आपल्यातल्या कितीतरी घरांतल्या आज्या मिशनच्या इस्पितळांत सुईणी आणि नर्सा होत्या. मी ज्या वॉर्डात शिकले तिथे सकाळी सातला ड्युटीच्या आधी सगळ्या रांगेत उभ्या राहून प्रार्थना करायचो आणि ‘आमेन’ म्हणता म्हणता औषधांच्या ट्रॉलीचं कुलूप उघडलं जायचं. किल्ली हातात धरूनच डोळे मिटायचे. आम्हाला त्यात कधी दोन गोष्टी दिसल्या नाहीत.

पण आता मोठेपणा पुरे. माझं सांगते, म्हणजे तुला साक्षीबद्दल मी काय म्हणतेय ते कळेल.

मला दमा आहे, लहानपणापासून. पस्तिशीत असताना एका मोठ्या सभेत माझ्यासाठी प्रार्थना झाली. त्या उन्हाळ्यात मला खरंच खूप बरं वाटलं. मी आमच्या मंडळीत उभी राहिले आणि म्हटलं, प्रभूने माझा दमा काढला. नर्स असून म्हटलं! पंप कपाटात, साड्यांच्या खाली गेला. उन्हाळ्यात माझा दमा तसाही कमीच असतो, हे मला माहीत होतं. पण टाळ्या वाजतात तेव्हा असल्या माहितीचा आवाज येत नाही. पाऊस उघडला, दिवाळीआधीची ती धुकट थंडी पडली, आणि एका रात्री दुखणं उलटलं. बसून राहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर. प्रार्थनाही करता येईना. एक अख्खं वाक्य म्हणायला जेवढा श्वास लागतो तेवढा नव्हता. आईने केली माझ्या वाटची. एका हाताने पाठ चोळत प्रार्थना म्हणत होती आणि दुसऱ्या हाताने कपाटातल्या साड्या उपसत होती, पंपासाठी.

खरी लाज पुढे होती. दर रविवारी मी पंप पर्समध्ये नेऊ लागले आणि उपासना चालू असताना धाप लागली की बाहेर जाऊन, पदराआड, चोरून ओढू लागले. मीच दिलेल्या साक्षीला घाबरत होते. असं वर्षभर चाललं. शेवटी आमच्या चर्चच्या पाळकबाईंनीच पकडलं मला, मागच्या दारात. त्या म्हणाल्या, ‘अगं, तुझ्या साक्षीत खोटं काय होतं? उन्हाळाभर श्वास मिळाला, हे खोटं होतं का?’ मी म्हटलं, नाही. ‘मग पंपाचं नाव तेवढं राहून गेलं. पुढच्या वेळी घाल.’

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी पाळकबाईंकडूनच उसनं घेते. साडेतीन वर्षं फिट आली नाही, हे खरं होतं. त्याबद्दल देवाचे आभार मानलेस, तेही बरोबरच. साक्षीत गोळीचं नाव राहून गेलं, आणि ‘आता कधीच येणार नाही’ असं एक वाक्य बहुतेक जास्तीचं आलं, तेही तुझं नव्हतं, दुसऱ्याने तोंडात घातलेलं होतं. दुरुस्ती एवढीच. तीही लगेच उभं राहून करायची गरज नाही. आधी तुमच्या पाळकांना एकटीने भेट, मिस्टरांना बरोबर ने, आणि ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने माझं औषध पुन्हा चालू होतंय’ एवढं सांग. पाळक समंजस असतील तर बायकांना काय सांगायचं ते त्यांच्यावर सोड. समंजस नसतील तर मला पुन्हा लिही, मग आपण वेगळं बोलू.

पाळकांना आणखी एक काम सांग, माझ्या नावाने सांगितलंस तरी चालेल. मंडळीत दोघा-चौघांनी फिटच्या वेळी काय करायचं ते शिकून घ्यावं. दातांत चमचा घालायचा नाही. कांदा, चप्पल हुंगवायची नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. डोक्याखाली काहीतरी मऊ, आजूबाजूच्या खुर्च्या दूर, गळ्याशी घट्ट असेल ते सैल, झटके ओसरले की कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन. एवढं करून झालं की उरलेल्यांनी खुशाल गुडघे टेकावेत, पण हळू आवाजात. शुद्धीवर येणाऱ्या माणसाच्या कानाशी ओरडलेलं सगळ्यात जास्त घाबरवतं.

बाळाबद्दल. याकडे नीट लक्ष दे. तू जी गोळी लिहिली आहेस, व्हॅल्प्रोएट, तिने पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. म्हणून मूल हवं असलेल्या बाईला डॉक्टर शक्यतो दुसरं औषध देतात, आणि हा बदल दिवस राहण्याआधी करायचा असतो. फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही आधीपासून लागते. या भेटीतच हा विषय काढ, डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नकोस. आणि पाळी चुकली असेल तर तेही पहिल्याच वाक्यात सांग. फिटचं औषध घेत अगणित बायकांनी धडधाकट मुलं जन्माला घातली आहेत. मात्र हे वाचून ‘व्हॅल्प्रोएट वाईट, बरं झालं सोडली’ असं मनात आणशील तर माझ्याशी गाठ आहे. गरोदरपणात मोठी फिट येणं आई-बाळ दोघांनाही धोक्याचं असतं.

सासूबाईंवर मला राग नाही. त्यांना सगळं माहीत असूनही त्यांनी तुला सून करून घेतलं. किती घरांत हे लपवून लग्नं होतात आणि मग काय होतं ते मी बघितलंय. त्यांच्याशी वचनांवरून भांडू नकोस, हरशील. त्यांना डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा. तिथे त्यांनाच विचारू दे, ‘डॉक्टर, उपास चालेल का?’ उत्तर त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकू दे. आणि त्या एकवीस दिवसांचं असं करा: उपास त्यांना झेपत असेल तर त्यांनी धरावा, तुझ्यासाठी. तू तुझ्या जेवणाच्या वेळा पाळ, रात्रीच्या जागरण-प्रार्थनेला जाऊ नकोस, दहाला झोप. सोडायचंच असेल काही तर संध्याकाळचा मोबाईल सोड. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपास कुठला ते सांगितलंय, तो दोघी मिळून वाचा. त्यात तुझं पोट उपाशी ठेवण्याचा उल्लेख नाही, भुकेल्याचं पोट भरण्याचा आहे.

मिस्टर बोलत नाहीत म्हणतेस. घाबरलेत ते. पहिल्यांदा बायकोची फिट बघणारा नवरा महिना-दोन महिने असाच असतो. त्यांना काम द्या. पुन्हा फिट आलीच तर मोबाईलवर चित्रण करायचं आणि वेळ लिहायची, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

प्रार्थना कशी करू, हे तू विचारलं नाहीस, पण पत्रभर तेच आहे. काही दिवस बरं होण्यासाठी मागूच नकोस, दुसरे मागतायत तुझ्यासाठी. तू तेरावं स्तोत्र घे. सहाच वचनांचं आहे आणि पहिल्याच दोन वचनांत तो माणूस चार वेळा विचारतो, कोठवर? देवाला असं विचारलेलं चालतं, म्हणून तर ते पुस्तकात ठेवलंय. आणि गोळी घेताना, भाकरीच्या आधी म्हणतेस तसं दोन शब्द म्हण. भाकरी कुणीतरी पिकवली, कुणीतरी भाजली, तरी आपण आभार देवाचे मानतोच ना.

जाताना जुनी चिठ्ठी, ईईजीचे (मेंदूच्या तपासणीचे) कागद आणि रिकामी पट्टी असेल तर तीही ने. दात हलत असेल तर दंतवैद्यालाही दाखव, चमच्याने कड उडालेली असते पुष्कळदा. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव, आणि सासूबाईंना माझा सलाम सांग.

तुझी,
ताई